आईच्या हाडांच्या कॅप्सूलमध्ये स्ट्रॉन्शियम आहे, चालू ठेवू द्यावं का?

रानपाखरू:
मंडळी जरा घाईत लिहितेय. आई ६८ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी डेक्सा (एक्स-रेने हाडांची घनता मोजतात ती तपासणी) केली तेव्हा हाडं ठिसूळ झालीत असं निघालं, मणक्याचा टी-स्कोर उणे २.८ (शून्याच्या जितका खाली तितकं हाड कमजोर). कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालूच होतं पण नात्यातल्या कुणीतरी एक बाटली आणून दिली आणि गेले ११ महिने ती त्यातल्या दोन कॅप्सूल रोज रात्री घेतेय हे मला आत्ता कळलं. मागचं लेबल इतकं बारीक की फोटो काढून झूम करून वाचलं, स्ट्रॉन्शियम सायट्रेट, दोन कॅप्सूलमध्ये मिळून ६८० मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम. मी हादरलेच, अणुबॉम्बनंतर हवेत पसरतं ते हेच ना? आता परवा परत डेक्सा केली तर स्कोर उणे २.२ आला, त्यामुळे आई म्हणते बघ गुण आलाय, मी काही बंद करणार नाही. याचे साइड इफेक्ट काय असतात, कुणाला अनुभव आहे का?

निवांत:
माझ्या मावशीने घेतली होती. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि पोट बिघडलेलं, मग बसलं. बाकी काही त्रास नाही झाला.

साधीसरळ:
मी डेक्सा मशीनवरच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी भीती काढून टाक, किरणोत्सारी असतं ते स्ट्रॉन्शियम-९०, कॅप्सूलमधलं साधं असतं, त्यातून किरण निघत नाहीत. पण स्कोरवर जाऊ नकोस. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचं भावंडच, त्यामुळे हाडात त्याच्या जागी जाऊन बसतं, पण अणुक्रमांक ३८, कॅल्शियमचा २०, म्हणजे एक्स-रे जास्त अडवतं. मशीनला वाटतं हाड घट्ट झालं. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट नावाचं हाडांचं औषध आहे, त्यात दिसलेल्या वाढीतली साधारण निम्मी वाढ नुसती या कारणाने होती. आमच्याकडे पेशंट सांगतच नाहीत, विचारलं की म्हणतात फक्त कॅल्शियम घेतो, आणि मग रिपोर्ट छान आला म्हणून घरी पेढे वाटावेत तसा आनंद होतो, मला फार वाईट वाटतं. गोळी थांबवल्यावरही ते बराच काळ हाडात राहतं, त्यामुळे पुढच्या रिपोर्टवरही परिणाम असतोच.

आता सेफ्टीचं. रॅनेलेट २००४ पासून युरोपात होतं आणि मणक्याचे फ्रॅक्चर त्याने खरंच कमी झाले होते, हे नाकारत नाही. पण नंतर सगळ्या चाचण्या एकत्र बघितल्या तर हार्ट अटॅक औषधवाल्यांत १.७ टक्के आणि डमी गोळीवाल्यांत १.१ टक्के निघाला, शिरेत गुठळ्या व्हायचं प्रमाणही वाढलेलं. म्हणून २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने कडक बंधनं घातली, हृदयविकार, लकवा, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, यांना द्यायचं नाही, आणि गुठळी होऊन गेलेल्यांनाही नाही. रॅनेलेटच्या रोजच्या २ ग्रॅममध्ये स्ट्रॉन्शियम किती असायचं माहितीये? सुमारे ६८० मिलिग्रॅम. तुझ्या बाटलीवरचाच आकडा! सायट्रेटवर एवढ्या मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत, त्यामुळे त्यात धोका नाही असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

आईला बीपी, हार्ट, किडनी, गुठळी यातलं काही आहे का ते आधी सांग. किडनी खूप कमजोर असेल तर हे शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो.

रानपाखरू:
ताई वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी आईच्या डाव्या पायात गुठळी झाली होती, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या, मग बंद केल्या. हे लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, हाडांच्या गोळीचा आणि पायाचा काय संबंध असं वाटलं.

साधीसरळ:
मग आज रात्रीची देऊ नकोस, आणि डॉक्टरांना आजच फोन कर. पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन वगैरे नाही, थेट हॉस्पिटल.

औषधवाला_भाऊ:
अंगावर पुरळ उठून सोबत ताप आणि गाठी सुजल्या तरी कॅप्सूल लगेच थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ही रिअ‍ॅक्शन क्वचित होते पण झाली तर गंभीर असते, बहुतेकदा सुरुवातीच्या सहा आठवड्यांत. इथे ११ महिने झालेत, तरी नवीन कुणी सुरू करणार असेल त्यांच्यासाठी लिहिलं. आणि कॅल्शियम किंवा दुधासोबत घेतलं तर हे फार कमी अंगी लागतं, बाटलीवर झोपताना घ्या लिहितात ते त्यासाठी. रानपाखरू, कॅल्शियम आणि डी मात्र डॉक्टर सांगतील तसं चालूच राहू दे, घाबरून सगळंच बंद करू नका.

रानपाखरू:
आत्ताच बोलले. कॅप्सूल बंद, पायाची सोनोग्राफी उद्या सकाळी, आणि त्यांनी दोन्ही डेक्सा रिपोर्ट घेऊन बोलावलंय, म्हणाले हाडांसाठी दुसरं औषध बघू. आई रुसली होती, उणे २.२ चा कागद हातातून सोडायलाच तयार नव्हती, मग मी तिला मशीन कसं फसतं ते तुमच्या शब्दांत वाचून दाखवलं. ऐकलं आणि स्वतःच पेन मागून घेतलं, रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलंय, स्ट्रॉन्शियम, ११ महिने.