मदत हवी आहे: जन्मजात उघडं मूत्राशय, त्यात कॅन्सर, आणि मामा लघवीच्या पिशवीला तयार नाहीत

नमस्कार मंडळी,

माझे मामा 51 वर्षांचे, माण तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. जन्मापासून त्यांचं मूत्राशय बेंबीखाली उघडं आहे. याला ब्लॅडर एक्स्ट्रोफी म्हणतात. आतलं लाल अस्तर बाहेरच दिसतं आणि लघवी सतत पाझरते. आता अशा बाळांचं ऑपरेशन लहानपणीच करतात; तेव्हा आजीला ‘हे असंच राहणार’ म्हणून घरी पाठवलं होतं.

जुन्या लुगड्याची फडकी दिवसातून आठ-दहा वेळा बदलायची, भोवतीच्या कातडीला खोबरेल लावायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. एसटीत जागा असली तरी उभेच राहतात. लग्न केलं नाही. दिवाळीपासून फडक्याला रक्त लागत होतं, पण चार महिने कुणाला बोलले नाहीत. दाखवलं तेव्हा अस्तरावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ होती.

गाठीचा तुकडा तपासला (बायॉप्सी), त्यात ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर आला. उघड्या अस्तराला वर्षानुवर्षं घर्षण आणि जंतुसंसर्ग होत राहिला की ते आतड्याच्या अस्तरासारखं बनत जातं, त्यातून हा कॅन्सर होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ठीक आहे. सीटी, एमआरआयमध्ये कुठे पसरलेलं दिसत नाही.

ऑपरेशन असं ठरतंय: मूत्राशय, प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या लसिका गाठी काढायच्या. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही मूत्रवाहिन्या (किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या) त्याला जोडायच्या, त्याचं तोंड पोटावर उजवीकडे काढायचं आणि त्यावर पिशवी. या आजारात पुढची कटिहाडं एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पोटाला पडणारी मोकळी जागा नुसती शिवून भागणार नाही. प्लास्टिक सर्जन मांडीचं मांस-कातडं फिरवून तिथे बसवणार आहेत.

मामा अडलेत ते पिशवीवर. “जल्मभर फडकी बांधली, आता पिशवी बांधू व्हय?” एवढंच म्हणतात. त्यात कुणीतरी सांगितलंय की मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडल्या की लघवी शौचाच्या वाटेनेच जाते, पिशवी लागत नाही. ती पद्धत पूर्वी खरंच खूप वापरली जायची. पण आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. मामांना पातळ शौच आत्ताच धरवत नाही. शिवाय त्या जोडावर काही वर्षांनी पुन्हा कॅन्सर होऊ शकतो, किडनीत जंतुसंसर्ग होतो, रक्तातलं आम्ल वाढतं. मला हे पटलंय. मामांना पटलेलं नाही.

मोठ्या वयात एक्स्ट्रोफीचं ऑपरेशन झालेलं कुणाच्या माहितीत आहे का? मांडीचं मांस लावल्यावर पोटाची जखम भरायला किती दिवस गेले, पुढे तिथे हर्निया झाला का? वाकून खुरपणं, ओझं उचलणं जमतं का? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा लागतात, त्यात पिशवीची चकती चिकटून राहते का, किती दिवसांनी बदलावी लागते? महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतंय असं कळलं, पण घरी गेल्यावर लागणाऱ्या पिशव्या कुठे स्वस्त मिळतात?

आणि एक विनंती. लघवीची पिशवी वापरणारे कुणी पुरुष, शेती करणारे असतील तर फारच बरं, मामांशी फोनवर दहा मिनिटं बोलाल का? हा विषय ते माझ्याशी बोलत नाहीत, मी भाची पडले. फडकी धुणं सुटेल, एसटीत बसता येईल, हे पिशवी लावलेल्या माणसाकडून त्यांना ऐकू दे. कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. पुढच्या सोमवारी डॉक्टरांना होकार कळवायचा आहे.