दर्ग्याचं दार उघडलं, जमातीच्या सभेचं कधी?

दापोलीची लेक, कुर्ला
लहानपणी हाजी अलीला अम्मीचं बोट धरून मजारीपर्यंत जायचे. 2012 च्या सुमारास बायकांना आत बंदी आली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या. 26 ऑगस्ट 2016 ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. नंतर मीही गेले, खूप रडले.
पण आमच्या गावच्या जमातीची, म्हणजे गावातल्या मुसलमानांच्या संघटनेची, मुंबईतली सभा? तिथे बायकांना अजून दार बंदच. वर्गणी माझ्या पगारातून जाते, पावती नवऱ्याच्या नावाने फाटते. तलाक-पोटगीचा निवाडा होतो तिथे एकही बाई नसते. जिच्या संसाराचं बोलणं चाललंय ती घरी फोनची वाट बघत बसते.

बाणकोटवाला
बेटी, इस्लामने लेकीला वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी दिला. चूक असेल तर आपल्या माणसांची, ती आपणच सुधारू. कोर्टात गेलं की बाहेरच्यांना आयतं कोलीत मिळतं, आजच्या दिवसांत ते परवडणारं नाही. आणि सभा इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर सुरू होते ती मध्यरात्रीपर्यंत, शिवीगाळही होते. तिथे आयाबहिणींना बसवणं मनाला पटत नाही.

दापोलीची लेक
चाचा, कुराणातल्या सूरह निसामध्ये वाटा लिहिलाय, पण हातात किती पडला? मामा रुसतील, माहेर तुटेल म्हणून अम्मीने हक्कसोड पत्रावर सही केली. आणि शिवीगाळ होत असेल तर ती थांबवा ना, आम्हाला का थांबवता?

माहीमची नर्स
मला सभेत खुर्ची नको. आमच्या बायकांची वेगळी बैठक असते, मुलींच्या फीचं आम्हीच बघतो. भांडून काय मिळणार?

मास्तर, मुंब्रा
ताई, त्या फीचा शेवटचा आकडा मंजूर कोण करतं?
कोलिताची भीती 1966 मध्येही घातली होती. 18 एप्रिलला समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणाले. एका दमात तीनदा तलाक म्हणायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ऑगस्ट 2017 मध्ये. घरातलं घरात मिटवू म्हणता म्हणता एक्कावन्न वर्षं गेली. त्यात किती जणी रस्त्यावर आल्या असतील?

बाणकोटवाला
शिवीगाळीचं बेटीचं म्हणणं खरं आहे. निवाड्याला त्या बाईने स्वतः यावं, सोबत आपली एक बाई आणावी, एवढं मी पुढच्या सभेत मांडतो. मताचा अधिकार मात्र नाही.

दापोलीची लेक
मांडा चाचा, मनापासून शुक्रिया. मत मी मागतच राहणार. आणि यंदाची पावती माझ्या नावाने फाडा, तरच वर्गणी देईन.