एका वेतानंतर मादीला परत कधी क्रॉस करायचं?

प्रश्न:
आमची लॅब (लॅब्रॅडोर कुत्री) सव्वातीन वर्षांची आहे, चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा व्याली, नऊ पिल्लं झाली आणि नऊच्या नऊ जगली. आता ज्यांचा नर होता ते म्हणतायत की ती परत हीटवर (माजावर) आली की लगेच लावू. पण ती अजून भरलेली नाहीये, पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक मोजता येतात, केस पण खूप गळतायत. मधे किती अंतर ठेवायचं? आणि एकूण किती वेतं घ्यावीत?

उत्तर १:
मणके हाताला लागतायत ना, मग या वेळी नाहीच. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येते पण येते म्हणून दर वेळी लावायचीच असं काही नाही. ६३ दिवस पोटात वाढवायचं, मग नऊ जणांना दूध पाजायचं, आणि दूध पाजताना शरीर जेवढं झिजतं तेवढं गाभणपणातही झिजत नाही. ही हीट सोडा, वर्षातून एकच वेत. आम्ही आमच्या मादीची एकूण तीन घेतली आणि सहाव्या वर्षाच्या आत थांबलो.

आणि हीट सोडायची तर तिला तीन आठवडे नीट सांभाळा. रक्त कमी झालं, फिकट झालं की लोकांना वाटतं संपलं, आणि सोडतात मोकळी. नेमके तेच दिवस गाभण राहायचे असतात.

उत्तर २:
थोडं वेगळं सांगते. प्रत्येक हीटनंतर, गाभण असो नसो, दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं आणि त्यानं गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं. वय वाढलं की त्यातूनच पिशवीत पू व्हायचा धोका वाढतो. म्हणून काही डॉक्टर म्हणतात मादी ठणठणीत असेल तर लागोपाठ दोन वेतं घ्या आणि लवकर ऑपरेशन करून पिशवी काढून टाका. मला ते पटतं, पण ठणठणीत असेल तर! तुमची आत्ता तशी नाहीये. सिझर झालं असतं तर मी दुसऱ्यांदा विचारच केला नसता.

उत्तर ३:
कॅल्शियमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझी पॉमेरेनियन व्याल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका रात्री धापा टाकायला लागली, पाय लाकडासारखे ताठ, अंग थरथरत होतं, पिल्लं तशीच लुचत होती. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं तेव्हा वाचली. आणि मी गाभणपणात भरपूर कॅल्शियम पाजलं होतं! डॉक्टर म्हणाले त्यामुळेच, बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडातून काढायचं विसरतं. त्यानंतर मी तिला परत लावलीच नाही.

उत्तर १:
एक विचारायचं राहिलं, हिचा आणि नराचा कंबरेचा एक्सरे काढलाय का? लॅबमधे खुब्याचा त्रास खूप, आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच तो खात्रीनं कळतो. ब्रुसेलाची (क्रॉस करताना पसरणारा, गर्भ पाडणारा जंतू) टेस्ट पण दोघांची.

प्रश्नकर्ती:
एक्सरे नाही काढला, कुणी सांगितलंच नव्हतं. नरवाल्यांना आज नाही म्हणून कळवलं, थोडे नाराज झाले. आता आधी एक्सरे आणि रक्त तपासून घेते, खुबे बिघडलेले निघाले तर सरळ ऑपरेशनच करून टाकू.