मदत हवी आहे: केमो चालू असलेल्या मुलाचं व्हिटॅमिन डी
नमस्कार. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या सहा वर्षांच्या भाच्याची ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) केमो चालू आहे. रक्तात व्हिटॅमिन डी १४ ng/mL आलं. २० च्या खाली म्हणजे कमीच. केमोसोबतच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने हाडं कमजोर होतात, त्यात पोर रात्री पाय दुखतात म्हणून रडतं. हे व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे की डी कमी म्हणून, कळत नाही. मेथोट्रेक्सेट या केमोच्याच दुसऱ्या औषधामुळे कातडी उन्हाला नाजूक होते, म्हणून गच्चीत कोवळ्या उन्हात बसवायलाही बहिणीला धीर होत नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देणार नाही, हे नक्की. पण ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा: रोजचे थेंब दिले की आठवड्याची पावडर? सोबत कॅल्शियम होतं का? पायदुखी कमी झाली? आणि पुढच्या ओपीडीत आम्ही नेमकं काय विचारावं?