रीलपेक्षा गोळीच्या पाकिटाचा फोटो

‘रील टाकले की खेळाडूंना डोपिंगचे, म्हणजे बंदी असलेल्या औषधांचे, नियम कळतात’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. रील बघितलं जातं आणि विसरलं जातं. पोरांना लगेच विचारता आलं पाहिजे. आमच्या नागपूरच्या कॉलेजात अॅथलेटिक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच शिस्त आहे: औषध घेण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकायचा.

मानकापूरच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री एकाने सर्दीच्या गोळीचा फोटो टाकला. बारीक अक्षरांत स्यूडोएफेड्रिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं उत्तेजक! स्पर्धेच्या काळात लघवीत ते मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की डोपिंगची केस होते, ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. पोरगा वाफ घेऊन झोपला. आणि हो, वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची) बंदी असलेल्या औषधांची नवी यादी दर १ जानेवारीला लागू होते, तेव्हा गेल्या वर्षीचे मेसेज कृपया फॉरवर्ड करू नका.