बिल थकलं म्हणून भर मे महिन्यात लाईट कापू शकतात का?

भुसावळकर: पारा ४५ च्या वर, पत्र्याचं घर, आई सत्तरीची, दिवसभर कूलरसमोर. यावेळी बिल अव्वाच्या सव्वा आलंय, भरलं नाही तर कट करू असं वायरमन तोंडी सांगून गेला. काय करू?

रावेरचा_केळीवाला: तोंडी चालत नाही भाऊ. वीज कायदा २००३, कलम ५६, पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलच चुकीचं वाटत असेल तर मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढून तेवढी रक्कम 'हरकत राखून', म्हणजे बिल मान्य नाही असं अर्जात लिहून, भर, मग वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. अर्जाच्या कॉपीवर शिक्का घेच, नाहीतर उद्या म्हणतील अर्ज आलाच नाही.

धुळेकर: पण ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याचं काय? अमेरिकेत ॲरिझोनात २०१९ ला उन्हाळ्यात थकबाकीसाठी लाईट तोडायला बंदी घातली, १ जून ते १५ ऑक्टोबर. अर्थात बिल माफ नाही झालं, नंतर भरावंच लागतं. आपल्याकडे उन्हाळा मार्चलाच सुरू, तारखा तशा हव्यात.

भुसावळकर: सरासरीचं माहीतच नव्हतं भो. सोमवारी जातो अर्ज घेऊन. हप्ते पाडून देतात का?

रावेरचा_केळीवाला: माग की, पण तेही लेखीच.