‘परिसर सूक्ष्म प्रदेश’ला मराठीत काय म्हणायचं?

खानापुरी :
पश्चिम घाटातल्या गावांत खाणी-कारखान्यांवर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या मसुदा अधिसूचनेवर आमच्या गावातर्फे (खानापूर तालुका, बेळगाव) हरकतीचं पत्र लिहायचं ठरलंय. नुसता ‘विरोध’ असं लिहून अंगठे उठवायचे नाहीत; काय मान्य आणि काय अमान्य, ते कलमवार लिहायचंय. अडचण पहिल्याच ओळीला आली. पंचायतीच्या फळ्यावर कन्नडमध्ये ‘परिसर सूक्ष्म प्रदेश’ असं होतं. कुणीतरी तेच शब्द देवनागरीत उतरवून खाली ‘मराठी’ म्हणून चिकटवलं. ग्रामसभेत एक मामा उठले आणि म्हणाले, “सूक्ष्म म्हणजे किती गुंठं?” सभा हसली. पण निम्म्या लोकांनी घेतलेला अर्थ तोच होता: गावाच्या आसपासचा एक बारकासा तुकडा जाणार, त्याचं एवढं काय. उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं, घरदार सोडून जायला सांगणार. शब्द कुठले वापरावेत? आणि ‘हवामान बदल’ लिहावं की ‘वातावरण बदल’, तेही सांगा.

शहापूरचे मास्तर :
तुमच्या मामांचं काही चुकलं नाही. संस्कृतातून आलेले शब्द दोन्ही भाषांत आहेत म्हणून आपण फसतो. कन्नडमध्ये ‘परिसर’ म्हणजे पर्यावरण. मराठीत ‘परिसर’ म्हणजे आसपासचा भाग. ‘मंदिर परिसर स्वच्छ ठेवा’ म्हणतो तो. कन्नड ‘सूक्ष्म’मध्ये बारीक हा अर्थ आहेच, पण नाजूक, चटकन धक्का लागेल असा, हाही आहे. मराठीत तो दुसरा अर्थ जवळजवळ नाहीच. आपलं ‘सूक्ष्म’ थेट सूक्ष्मदर्शकाखाली जातं.

हे एकट्या या शब्दाचं नाही. ‘मालिन्य नियंत्रण मंडळी’ ही पाटी वाचून बाहेरचा मराठी माणूस बुचकळ्यात पडतो, कारण आपल्याकडे मालिन्य मनाचं असतं. नदीचं असतं ते प्रदूषण. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम चढल्या, तेव्हा अर्जांवर ‘प्रवाह संत्रस्त’ असं छापलेलं असायचं. कन्नडमध्ये प्रवाह म्हणजे पूर. मराठीत प्रवाह बारमाही असतो, संत्रस्त माणूस शेजाऱ्यांनाही कंटाळलेला असू शकतो, आणि पुरात सापडलेला तो पूरग्रस्त. आणि ‘परिहार’! मराठीत परिहार शंकेचा किंवा श्रमाचा. इकडे तालुक्याच्या कचेरीत खेपा घालणारा मराठी शेतकरीसुद्धा “परिहार आला काय?” असंच विचारतो आणि समोरच्याला कळतं. तो शब्द आता आपल्या बोलीचा झाला, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पत्र बेळगावच्या पलीकडे जाणार असेल तर ‘नुकसानभरपाई’ लिहा.

पुण्याहून :
एवढा घोळ कशाला? ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ हा शब्द रूढ आहे. घाटासाठी केंद्रानं नेमलेल्या गाडगीळ समितीपासून सगळीकडे हाच छापला जातो.

खानापुरी :
छापतात, हे खरं. पण सीमाभागात ‘संवेदनशील’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलिसांची गाडी येते. संवेदनशील मतदान केंद्र, संवेदनशील गल्ली, एक नोव्हेंबरला, काळ्या दिनी, संवेदनशील भागात जादा बंदोबस्त. आमच्या गावात काय दंगल झाली, असं कुणीतरी विचारणार हे ठरलेलं.

शहापूरचे मास्तर :
हा मुद्दा पुण्यात बसून सुचणार नाही, पण बिनतोड आहे. माझं मत: पत्राच्या मथळ्यात रूढ शब्द ठेवा, कारण अधिकाऱ्याला संदर्भ लागला पाहिजे. ग्रामसभेत वाचून दाखवताना मात्र ‘नाजूक मुलूख’ म्हणा. ‘इथं एकदा डोंगर फोडला की झरा परत येत नाही, म्हणून नाजूक’ एवढं सांगितलं की पुरे.

जांबोटीचा वाटसरू :
आमच्याकडं तर हे शब्दच वापरात नाहीत. “आमचं गाव कस्तुरीरंगनात आलंय” असं म्हणतात. माणसाचं नाव होतं, आता क्षेत्राचं झालं. “तुमचं बी आलंय काय कस्तुरीरंगनात?” आणि भीमगडाशेजारच्या गावांत ‘झोन’. कस्तुरीरंगन आणि झोन एकच की वेगळं?

शहापूरचे मास्तर :
वेगळं, आणि खरी गल्लत इथंच होते. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. अशा अभयारण्याच्या हद्दीला लागून जो पट्टा आखतात तो ‘झोन’. कन्नडमध्ये त्याला ‘वलय’ म्हणतात. मराठीत वलय म्हणजे कडं, आणि योगायोगानं इथं आपलाच अर्थ चपखल बसतो, कारण तो पट्टा अभयारण्याभोवती कड्यासारखाच असतो. ‘कस्तुरीरंगन’ म्हणजे अख्ख्या पश्चिम घाटातल्या गावांची यादी. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. तिनं सगळाच घाट नाजूक धरून त्याचे तीन स्तर केले होते आणि हद्दी ग्रामसभांना विचारून पक्क्या करा असं म्हटलं होतं. कस्तुरीरंगन गटानं २०१३ साली घाटाच्या साधारण ३७ टक्के भागावर बोट ठेवलं. मार्च २०१४ पासून केंद्र त्याचे मसुदे काढतंय. ३१ जुलै २०२४ चा सहावा. दर वेळी हरकतींना ६० दिवस, आणि दर वेळी मुदत संपून पुन्हा नवा मसुदा.

मसुद्यात खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले (जास्त प्रदूषण करणारे) कारखाने, २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांवर बंदी आहे. चालू शेती, घराची दुरुस्ती, जमिनीची खरेदी-विक्री यांवर नाही. अभयारण्याच्या आतल्या गवाळी, आमगाव, देगावसारख्या गावांतून उठून जाण्याची जी चर्चा चालते ती तिसरीच गोष्ट. तिचा या यादीशी संबंध नाही. ग्रामसभेत ‘झोन’ या एका शब्दाखाली तिन्ही येतात, म्हणून कुणाला गुंठा दिसतो आणि कुणाला घर जाताना दिसतं. पत्रात तिन्हीला तीन शब्द ठेवा: ‘पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र’, ‘अभयारण्याभोवतीचा पट्टा’, ‘पुनर्वसन’.

निपाणीवाला :
आणि ‘इकॉलॉजी’साठी ‘पारिस्थितिकी’ अजिबात नको. आमच्याकडं परिस्थिती म्हणजे बेताची असते, नाहीतर हाताबाहेर गेलेली.

खानापुरी :
मान्य! आता हवामान की वातावरण?

शहापूरचे मास्तर :
मराठी भूगोलात ‘हवा’ म्हणजे आजची-उद्याची आणि ‘हवामान’ म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी, साधारण ३० वर्षांची. कन्नड पुस्तकात रोजची ती ‘हवामान’ आणि दीर्घकाळाची ती ‘वायुगुण’. दहावीच्या धड्याचं नावच ‘भारतद वायुगुण’. म्हणजे एकाच घरात थोरला मराठी शाळेत आणि धाकटी कन्नड शाळेत असेल, तर ‘हवामान’ या शब्दाचे दोघांना दोन अर्थ. बरं, कन्नड वर्तमानपत्रं मात्र ‘हवामान बदलावणे’ लिहितात, त्यामुळे तिकडंही सगळं सरळ नाहीच. आपणही ‘आजचे हवामान’ छापतोच की. तरीसुद्धा ‘हवामान बदल’च लिहा. महाराष्ट्र सरकारनं आपल्या खात्याचं नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ केलंय, पण वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचा हवेचा थर, आणि रोजच्या बोलण्यात तर ते निवडणुकीचंच तापतं. ‘जागतिक तापमानवाढ’ निर्धास्त वापरा. कन्नडमध्येही ‘जागतिक तापमान’च म्हणतात.

शिवारातली :
मास्तर, मोठ्या शब्दांचं झालं. आता एका लहान शब्दाबद्दल भांडायचंय. अलीकडं एप्रिल-मेमध्ये चार थेंब पडले की बातमी येते, ‘अवकाळीने झोडपले’. एप्रिल-मेमधला पाऊस अवकाळी कसा? तो वळीव. दुपारपर्यंत काहिली, मग पश्चिमेकडनं ढग, सोसाट्याचा वारा, गारा, तासाभरात रान ओलं आणि परत चांदणं. तो पडायलाच पाहिजे. वळीव झाल्यावर नांगरट करायची, ढेकळं फोडायची, कुळव मारून माती पिठासारखी करायची, मग रोहिणीत कुरीनं कोरड्या मातीत भात पेरायचं. त्याला आम्ही धूळवाफ म्हणतो. वळीव चुकला तर नांगर मातीत घुसत नाही. मग ज्याच्या जिवावर आमची पेरणी, त्यालाच पेपरवाले आपत्ती म्हणणार?

अवकाळी म्हणजे सुगीच्या वेळचा. भात कापून पेंढ्या रानात पसरल्यात आणि वरनं धो धो. लोंब्यांना तिथंच कोंब फुटतात. ती आपत्ती.

आणि तिसरा प्रकार २०२५ सालचा. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात, २६ तारखेला मुंबईत. आमच्या रानाला वाफसाच आला नाही. माती हातात घेतली तर मुठीत गोळा व्हायची, कुरी चालणार कशी? धूळवाफ सोडून तरवा (रोपं) टाकला आणि पुढं लावण केली, मजुरी दुप्पट. आता ह्या पावसाला काय म्हणायचं? वळीव नव्हे, अवकाळी नव्हे, मिरगाच्या आधी आलेला मान्सूनच तो. तिन्हीला एकच ‘अवकाळी’ शब्द लावला तर बदललंय काय तेच कळत नाही. उद्या कुणी जुने पेपर काढून हवामान बदलाचा अभ्यास करायला बसला, तर त्याला वाटेल आमच्याकडं वळीव कधी पडतच नव्हता.

शहापूरचे मास्तर :
अक्का, याला माझ्याकडे उत्तर नाही, पण जोड आहे. कन्नड शेतकरीसुद्धा हा भेद पाळतो. त्याचा ‘मुंगारू’ मोसमी, ‘हिंगारू’ परतीचा, आणि ‘अड्डमळे’ उन्हाळ्यातली मधलीच सर. तिकडं ‘अकालिक मळे’ म्हणून सगळं एकत्र करणारी बातमीच, शेतकरी नाही.

पुण्याहून :
‘मोसमाआधीचा मान्सून’ कसं वाटतं?

शिवारातली :
दादा, तसं रानात कोण म्हणेल? “औंदा पाऊस मिरगाची वाट बघेना झाला” असं म्हणालेत लोक. शब्द तयार होईल तेव्हा होईल.

मलप्रभाकाठ :
पत्रात म्हादईचा उल्लेख असेल तर ‘वाया’ या शब्दाकडंही बघा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि त्याच तालुक्यातनं म्हादईही निघते. एक पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, दुसरी गोव्यात मांडवी होऊन समुद्राला. मलप्रभेच्या खालच्या अंगाला, सौंदत्ती-नरगुंदकडं, “पाणी समुद्राला वाया चाललंय” हे वाक्य पाठ आहे. त्यांची तहान खोटी नाही. तिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला तुम्ही खाडीची गोष्ट सांगून पटणार नाही. पण मांडवीत गोडं पाणी कमी झालं की उन्हाळ्यात खारं पाणी आत चढतं, हे धरलं तर ‘वाया’ म्हणवत नाही. दुसऱ्या बाजूला गोव्यातले आणि आपल्यातलेही काही ‘पाणी पळवलं’ म्हणतात. पळवणं म्हणजे चोरी. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ दिलं, कर्नाटकाच्या वाट्यातलं मलप्रभेच्या खोऱ्यात न्यायला मंजूर ते कळशा नाल्याचं १.७२ आणि भांडुरा नाल्याचं २.१८. तो निवाडा पटो न पटो, आहे तोवर साधं ‘वळवणं’ लिहावं. ‘पळवणं’ भाषणात चालतं. हरकतीत लिहिलं की समोरचा आकडा काढून दाखवतो आणि आपला जंगलाचा मुद्दा बाजूला राहतो. आपल्याला विचारायचंय ते कालव्याखाली किती झाडं जाणार आणि कणकुंबीच्या झऱ्यांचं काय होणार हे.

जांबोटीचा वाटसरू :
नावाचंही लिहा. कन्नडमध्ये ‘बंडूरी’, आपल्याकडं ‘भांडुरा’. पत्रात दोन्ही टाका, नाहीतर म्हणतील असा नालाच नाही.

खानापुरी :
पहिला परिच्छेद असा केलाय, बघा:

“आमचे गाव पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आले आहे. खाण, दगडखाण व वाळूउपसा यांवरील बंदी आम्हांस मान्य आहे. हे क्षेत्र म्हणजे अभयारण्याभोवतीचा पट्टा नव्हे व त्यामुळे गावाचे पुनर्वसन होणार नाही, असे लेखी कळवावे. अधिसूचनेचा मराठी मजकूर ग्रामसभेपुढे वाचावा. मान्सून वेळेआधी आल्याने धूळवाफ पेरणी बुडते, त्याची नोंद ‘अवकाळी’ या सदरात न करता वेगळी करावी व नुकसानभरपाई द्यावी.”

शिवारातली :
शेवटचं वाक्य दुसऱ्या कागदावर घ्या. पेरणीचं गाऱ्हाणं वेगळ्या खात्याकडं जातंय. एकाच पत्रात घातलं तर ही दोन्ही खाती ते एकमेकांकडं ढकलत बसतील. आणि त्या कागदावर ‘परिहार’च लिहा, तो तालुक्यालाच द्यायचाय.